दोन पैशांसाठी सत्त्याहत्तर पैसे

'वेग' हा आजच्या काळाचा परवलीचा शब्द झाला आहे. पौडहून पुण्याकडे निघालेल्या माणसाला चांदणी चौकात पाच मिनिटे अडकून पडावे लागले, तरी तो दहा वेळा घड्याळ पाहतो. पीक लवकर हाती यावे, निकाल लवकर लागावा, पैसा लवकर दुप्पट व्हावा, असे प्रत्येकालाच वाटते. या घाईत एक साधा प्रश्न मात्र मागे राहून जातो. वेग वाढला म्हणून आपल्या पदरात नेमके काय पडले? प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मी एका अगदी लहानशा यंत्राला विचारणार आहे.

हे यंत्र दिसायला पेन ड्राइव्हसारखे असते. संगणकाच्या यूएसबी खाचेत ते खोचले, की ते 'बिटकॉइन' या आभासी चलनाचे 'खाणकाम' करू लागते. त्याचा ठरवून दिलेला वेग वाढवून त्याला अधिक जोराने पळवणे, याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयाला हात घालावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या विषयातले गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे फारसे जात नाही, आणि जिथे पैशाचा संबंध येतो तिथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लाजून चालत नाही.

खाणकाम म्हणजे काय?

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले. या खातेवहीला मालक नाही. कोणी कोणाला किती बिटकॉइन दिले याची ही वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. सरासरी दर दहा मिनिटांनी तिच्यात एक नवे पान जोडले जाते. ते जोडण्याचा मान ज्याला मिळतो, त्याला बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला हे बक्षीस ५० बिटकॉइन होते. दर २,१०,००० पानांनंतर ते निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन इतके आहे.

मान कोणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी एक कोडे असते. 'एसएचए-२५६' नावाची एक गणिती चक्की आहे. तिच्यात एक शब्द टाका किंवा अख्खी ज्ञानेश्वरी टाका, बाहेर नेहमी २५६ शून्य-एकांची एक ओळ पडते. तिला 'हॅश' म्हणतात. टाकलेल्या मजकुरात एका कान्याचा फरक पडला तरी बाहेर येणारी ओळ पार बदलते, आणि ती कशी असेल हे आधी सांगता येत नाही. खाण-कामगार यंत्र वहीच्या पानाला एक आकडा जोडते, चक्कीत टाकते आणि ओळ पाहते. ओळीच्या सुरुवातीला पुरेशी शून्ये आली तर जिंकले. नाही तर आकडा बदलून पुन्हा दळण.

हे समजायला मला कवड्यांचा फार उपयोग झाला. समजा, प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता अगदी सारखी आहे, आणि सर्व कवड्या एकदम उताण्या पडल्या तरच डाव जिंकता येतो. एक कवडी असेल तर सरासरी दोन फेकींत डाव येईल. दहा कवड्या असतील तर १,०२४ फेकी लागतील. एक कवडी वाढली, की लागणाऱ्या फेकी दुप्पट होतात. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या दिवसांत हा डाव ३२ कवड्यांचा होता, म्हणजे सरासरी सुमारे ४२९ कोटी फेकी. २०२४ च्या मध्यास तोच डाव ढोबळमानाने ७८ कवड्यांचा झाला होता.

या खेळाचे दोन नियम वाचकांनी नीट लक्षात ठेवावेत, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पहिला असा, की मागच्या फेकींची पुण्याई पुढे चालत नाही. काल शंभर कोटी फेकी वाया गेल्या म्हणून आज डाव जवळ आला असे होत नाही. दुसरा असा, की खेळणारे जास्त जोराने फेकू लागले तर कवड्या वाढवल्या जातात. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, वही स्वतःच हिशेब करते आणि पान पुन्हा दहा मिनिटांनीच जोडले जाईल इतके कोडे अवघड करते. वेग सगळ्यांचाच वाढला तर फायदा कोणाचाच नाही. जत्रेत पुढचा माणूस टाचा उंचावून पाहू लागला की मागच्यालाही टाचा उंचवाव्या लागतात, आणि शेवटी सगळेच चवड्यांवर उभे राहतात, पण तमाशा कोणालाच जास्त दिसत नाही, तसा हा प्रकार आहे.

यूएसबीच्या कांड्या

२००९ साली घरचा साधा संगणक हे काम करू शकत होता. पुढे चित्रे दाखवणारी ग्राफिक्स कार्डे या कामाला जुंपली गेली. २०१३ पासून मात्र याच एका कामासाठी घडवलेल्या चिप बाजारात आल्या. या चिपला दुसरे काहीच करता येत नाही. तिला बेरीज सांगा, पत्र लिहायला सांगा, ती ढिम्म. परंतु हॅश काढण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

याच चिपमधली एखाद-दुसरी घेऊन हौशी लोकांसाठी यूएसबीच्या कांड्या बनू लागल्या. २०१३ मधील 'ब्लॉक इरप्टर' ही कांडी सेकंदाला सुमारे ३३ कोटी हॅश काढी. तिच्या पाठोपाठ आलेली 'अँटमायनर यू १' सेकंदाला सुमारे १६० कोटी काढी. नंतर 'गेकोसायन्स' या नावाने 'कॉम्पॅक' ही कांडी आली. तिच्यात बीएम १३८४ ही एकच चिप असते. माझ्या आतेभावाने जुनी विकत घेतलेली कांडी हीच, त्यामुळे पुढचे आकडे तिचेच आहेत.

या चिपच्या पोटात ५५ लहान चक्क्या आहेत. प्रत्येक चक्की एका ठोक्याला एक हॅश काढते. ठोका म्हणजे काय? आमच्याकडे भाताच्या लावणीला बायका भलरी म्हणतात. गाण्याच्या ठेक्यावर सगळ्यांचे हात एकदम खाली जातात आणि एकदम वर येतात. चिपमध्येही असाच एक ठेका असतो, त्याला 'क्लॉक' म्हणतात. ठेका सेकंदाला १५ कोटी वेळा पडला, म्हणजे १५० मेगाहर्ट्झ असला, तर ५५ चक्क्या मिळून सेकंदाला ८२५ कोटी हॅश निघतात. ठेका २५० मेगाहर्ट्झ केला तर १,३७५ कोटी. ओव्हरक्लॉकिंग ते हेच. भलरी चढवायची, म्हणजे हात आपोआप चढतात.

मग कांडीचा ठेका मुळात इतका कमी का ठेवलेला असतो? चिप दुबळी आहे म्हणून नव्हे. हीच चिप 'अँटमायनर एस ५' या मोठ्या यंत्रात ६० नगांनी बसवलेली होती आणि तिथे ती ३५० मेगाहर्ट्झने पळत होती. परंतु तिथे जाडजूड पंखा होता आणि सुमारे ५९० वॅट वीज होती. यूएसबीच्या जुन्या खाचेत ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे फक्त अडीच वॅट मिळतात. नव्या ३.० खाचेत साडेचार वॅट. बैल दमदार असला तरी वैरण ओंजळभरच, अशी ही अवस्था आहे.

ठेका कसा चढवतात?

काम दिसायला सोपे आहे. 'सीजीमायनर' नावाची एक मोफत आज्ञावली आहे. कॉन कोलिव्हास या ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी ती वाढवली आणि सांभाळली. आज्ञावली सुरू करताना ठेक्याचा आकडा लिहून द्यायचा. तो सव्वासहा-सव्वासहा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवता येतो. प्रत्येक पायरीवर थांबून काही वेळ चुका मोजायच्या.

चुका का होतात, हे समजून घेण्यासारखे आहे. १५० मेगाहर्ट्झच्या ठेक्यात दोन ठोक्यांमध्ये सुमारे ६.७ नॅनोसेकंद मिळतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटींवा भाग. २५० मेगाहर्ट्झला ४ नॅनोसेकंदच मिळतात. तेवढ्या वेळात चिपमधल्या शेकडो बारीक कळांनी एकामागोमाग एक उघडझाप पूर्ण करायला हवी. ती झाली नाही आणि पुढचा ठोका पडला, तर अर्धवट उत्तरच पुढे ढकलले जाते. लावणीतही ठेका फार चढला की रोपे वाकडी लागतात आणि पाण्यावर तरंगतात, तसेच. आज्ञावली अशी चुकीची उत्तरे तपासून टाकून देते आणि त्यांची वेगळी मोजणी पडद्यावर दाखवते. ही मोजणी झपाट्याने वाढू लागली, की ठेका झेपत नाही असे समजावे.

यावर एक उपाय आहे. चिपला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडे वाढवायचे. दाब वाढला की कळांची उघडझाप जलद होते आणि चुका कमी होतात. कॉम्पॅकच्या पाटीवर यासाठी एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवायचा. इथपर्यंत सगळे छान वाटते, आणि बहुतेक हौशी मंडळी इथेच खूश होतात. पण खरी किंमत इथूनच पुढे सुरू होते.

घाम

भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मैत्रिणीने मला एक सूत्र समजावून दिले. चिप खाते ती वीज ठेक्याच्या पटीत वाढते, परंतु दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ठेका दुप्पट केला तर वीज दुप्पट. दाब दुप्पट केला तर वीज चौपट. आणि दोन्ही एकदम वाढवले तर त्यांचा गुणाकार. याशिवाय चिप तापली की तिच्यातून वीज थोडी गळूही लागते, ते वेगळेच.

आतेभावाच्या कांडीला मध्ये एक छोटा यूएसबी मीटर लावून आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. १५० मेगाहर्ट्झला मीटर ०.७ अँपिअर दाखवी, म्हणजे साडेतीन वॅट. ठेका २५० वर नेला आणि चुका थांबेपर्यंत दाब चढवला, तेव्हा तोच मीटर १.५ अँपिअरवर गेला, म्हणजे साडेसात वॅट. हॅश वाढले पावणेदोन पटीहूनही कमी, वीज वाढली दुपटीहून जास्त. प्रत्येक हॅशमागे जवळजवळ तीस टक्के वीज अधिक जळू लागली. उलट ठेका आणि दाब दोन्ही उतरवले तर प्रत्येक हॅश स्वस्त पडतो. ज्याला बचत करायची त्याने यंत्र हळू चालवावे, असा हा उफराटा न्याय आहे.

ही सगळी वीज जाते कुठे? मोटर वीज खाते आणि पाणी उपसते. पिठाची गिरणी वीज खाते आणि पीठ देते. ही कांडी काहीच उचलत नाही, काहीच हलवत नाही. तिने खाल्लेली वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. म्हणून तिच्या पाठीला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावतात आणि वर पंख्याचा वारा घालतात. दीड अँपिअर साध्या खाचेतून ओढणे धोक्याचे, म्हणून वेगळी वीज घेणारा हब मध्ये लावावा लागतो. आतेभावाने पहिल्यांदा कसलेच नाव न छापलेला एक स्वस्त हब आणला होता. तिसऱ्या दिवशी रात्री त्याच्या वायरीचे वेष्टन मऊ होऊन घरभर वास सुटला. आत्या जागी होती म्हणून बटण बंद झाले. आमच्याकडची जुनी घरे लाकडी माळ्याची, आणि माळ्यावर पेंढा. तेव्हा ज्या कोणाला हा प्रयोग करायचा असेल त्याने चांगला हब, मोकळी हवा आणि जागा माणूस, या तीन गोष्टींशिवाय तो करू नये.

हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे बँकेचा कागद असो, सातबारा असो की औषधाची चिठ्ठी असो, 'हिला दाखवा' असे म्हणून तो माझ्यापुढे येतो. आतेभाऊ आय.टी.आय. झालेला, संगणकदुरुस्तीत हुशार. रस्त्याकडेची थोडी जमीन विकून आलेल्या पैशांतला आत्याचा वाटा घरात पडून होता. त्यातून अशा आणखी वीस कांड्या घ्याव्यात, सगळ्यांचा ठेका चढवावा आणि जोडधंदा करावा, असे त्याच्या मनात होते. आत्या मला म्हणाली, "तो म्हणतो ते मला उमगत नाही. तू अर्थशास्त्र शिकतेस ना, मग तूच बघून सांग बाई." मी वही घेतली आणि दादालाच शेजारी बसवले. यंत्राचे आकडे त्याचे, गुणाकार माझे.

२०२४ च्या मध्यास जगातील सर्व खाण-यंत्रांचा मिळून वेग सेकंदाला सुमारे ६०० एक्झाहॅश होता, म्हणजे ६ वर २० शून्ये. त्यानंतर तो आणखी वाढला आहे, तेव्हा हा आकडा धरणे कांडीच्या बाजूनेच झुकते माप देण्यासारखे आहे. या मानाने, ८२५ कोटी हॅश काढणाऱ्या कांडीने एकट्याने खेळून एक पान जिंकायचे म्हटले तर सरासरी १३ लाख ८० हजार वर्षे लागतील. ठेका चढवल्यावर? सुमारे ८ लाख ३० हजार वर्षे. साडेपाच लाख वर्षे वाचली! वेग खरोखरच वाढला, यात खोटे काही नाही. फक्त त्या वेगाचे फळ पाहायला आपण नसू.

एकट्याने न खेळता अनेकांनी मिळून खेळायचे आणि बक्षीस वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचे, अशीही सोय आहे. जगात दिवसाला साधारण १४४ पाने, म्हणजे सुमारे ४५० नवे बिटकॉइन. त्यात चढवलेल्या कांडीचा वाटा दिवसाला एक 'सातोशी' येतो. सातोशी म्हणजे एका बिटकॉइनचा दहा कोटींवा भाग. बिटकॉइनचा भाव ५० लाख रुपये धरला तर एक सातोशी म्हणजे पाच पैसे. ठेका चढवण्यापूर्वी हीच कमाई तीन पैसे होती. ओव्हरक्लॉकिंगची कमाई म्हणजे दिवसाला दोन पैसे.

आता खर्च. साडेतीन वॅटचे साडेसात झाले, म्हणजे चार वॅट वाढले. दिवसाचे चोवीस तास धरले तर ०.०९६ युनिट. युनिटचा दर आठ रुपये धरू. सत्त्याहत्तर पैसे! दोन पैसे जास्त मिळवण्यासाठी सत्त्याहत्तर पैशांची वीज जास्त. यात कांडीला जोडलेला संगणक धरलेलाच नाही. जुना संगणक साठ वॅट खात असेल, तर तो एकटाच महिन्याला ४३ युनिटे, म्हणजे सुमारे ३४५ रुपयांची वीज जाळतो. वीस कांड्या घेतल्या असत्या तर दिवसाला एक रुपया मिळाला असता आणि चाळीस रुपये गेले असते.

दादाने शंका काढली, आणि ती रास्त होती. भाव वाढला तर? आम्ही तेही केले. वाढवलेल्या विजेचा खर्च भरून निघायला एका बिटकॉइनचा भाव जवळजवळ १९ कोटी रुपये व्हावा लागेल. आणि तसा झालाच, तर जगभर आणखी यंत्रे लागतील, कवड्या वाढतील, आणि आपला वाटा पुन्हा घटेल. कारण समोर आहे कोण? 'अँटमायनर एस २१' हे यंत्र एकटे २०० टेराहॅशने पळते. आमच्या चढवलेल्या साडेचौदा हजार कांड्यांइतके ते एकच आहे, आणि तेवढ्याच कामाला आमच्या कांडीच्या सुमारे एकतिसाव्या भागाइतकी वीज त्याला पुरते. ज्या शर्यतीत समोरच्याला आगगाडी आहे, तिथे आपण बैलाला चाबूक मारला तर बैलच मरायचा.

वही मिटल्यावर दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, दोन पैशांचं म्हणालीस ते पुन्हा एकदा मांड." मी मांडले. त्याने स्वतः गुणाकार करून पाहिला. आत्याचे पैसे तिच्याच नावावर ठेव म्हणून राहिले.

घागरी आणि घाट

या विजेचा विचार मुळशीत राहणाऱ्या माणसाने जरा वेगळ्या नजरेने करावा असे मला वाटते. मुळा नदी अडवून टाटांनी इथे धरण बांधले, तेव्हा खोऱ्यातली गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, त्याचे नेतृत्व सेनापती बापटांनी केले. धरण झालेच. आमचे पाणी घाटाखाली कोकणात सोडून १९२७ पासून भिऱ्याच्या केंद्रात वीज होऊ लागली, आणि ती मुंबईला गेली. आमच्या आजीच्या सासरचे जुने गाव पाण्याखाली आहे. 'युनिट' या शब्दामागे एक जागा असते, हे तिच्यामुळे मला कळले.

म्हणून मी एक हिशेब जास्तीचा केला. भिऱ्याला पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून पडते. वाटेतली घट सोडून दिली, तरी तेवढ्या उंचीवरून एक युनिट वीज मिळवायला सुमारे ७३५ लिटर पाणी खाली सोडावे लागते. एक चढवलेली कांडी आणि तिचा संगणक दिवसाला १.६२ युनिटे खातात. म्हणजे जवळजवळ १,२०० लिटर, पंधरा लिटरच्या ऐंशी घागरी. आमच्या घरातली वीज भिऱ्याहूनच येते असे नव्हे, तिच्या तारा अनेक ठिकाणांहून आलेल्या असतात. परंतु समजण्यापुरते असे म्हणता येईल, की पाच पैशांसाठी रोज ऐंशी घागरी पाणी घाटावरून खाली ओतायचे. उन्हाळ्यात डोंगरातल्या वाडीवरून हंडा घेऊन उतरणाऱ्या कोणत्याही बाईला हा सौदा विचारून पाहावा.

दोन शब्द सावधगिरीचे

आमच्या तालुक्यात हिंजवडीची संगणकनगरी उभी राहिली, जमिनींना भाव आला, आणि ज्या घरांत पूर्वी पायली मोजली जाई तिथे लाख मोजले जाऊ लागले. असा पैसा जिथे येतो तिथे तो दुप्पट करून देणारेही येतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'गेनबिटकॉइन' या योजनेत खाणकामाच्या नावाने अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा देऊ, असे सांगितले गेले. पुढे फसवणुकीच्या तक्रारी झाल्या, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटकाही केल्या. ज्यांचे पैसे अडकले त्यांत शिकलेले लोकही होते. मला वाटते, त्यांना संगणकाचे ज्ञान कमी पडले नाही, एक प्रश्न विचारायचा राहिला. पान दहा मिनिटांनीच जोडले जाते, बक्षीस ठरलेले आहे, खेळणारे वाढत आहेत, कवड्या वाढत आहेत. मग दरमहा ठरलेले दहा टक्के येणार कोठून?

कायद्याचीही माहिती असावी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसवला, आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले. म्हणजे पाच पैशांतले दीड पैसे सरकारचे, आणि वीजबिल सगळे आपले.

समारोप

मग ही कांडी टाकाऊच काय? तसे मी म्हणणार नाही. दाब वाढला की उष्णता वर्गाने वाढते, हे सूत्र पुस्तकात वाचून माणूस विसरतो, पण बोटाला चटका बसला की विसरत नाही. चिप का चुकते, वारा कुठून घालावा, मीटर कसा वाचावा, हे या लहानशा यंत्रावर स्वस्तात शिकता येते. दादाने आपली एक कांडी ठेवली आहे. दुकानातल्या शिकाऊ मुलांना तो तिच्यावरच हे सगळे दाखवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवतात तो काही दूध देतो म्हणून नव्हे.

तात्पर्य इतकेच, की यंत्राचा वेग आणि माणसाचा लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली वाढली की दुसरी वाढतेच असे नाही. वेगाची भुरळ पडेल तेव्हा दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. वाढले किती, आणि त्यासाठी गेले किती? ज्यांच्या घरात हे आकडे मांडणारे आजवर कोणी नव्हते, त्या घरांतून आता आपल्यासारखी मुले-मुली महाविद्यालयात येत आहेत. आपल्या शिक्षणाचा घराला पहिला उपयोग व्हायचा असेल तर तो असाच, वहीच्या एका पानाएवढा झाला तरी पुष्कळ आहे.